यंत्राला चकवण्याचे सल्ले आता पुरे

दोन पेग झालेल्या माणसाला "काही होत नाही, वेलची चघळ आणि जा" असं सांगणारा त्याचा मित्र नाही. हे मी रागाने लिहितो आहे आणि तो राग लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही. टॅलामध्ये आणि डब्लिनच्या या नैऋत्य भागात मराठी घरं वाढली. गणपती आले, कोजागिरी आली, शनिवारच्या पार्ट्या आल्या. त्यांच्याबरोबर मुंबई-पुण्याच्या नाकाबंदीत जन्मलेलं एक शास्त्रही इथे आलं. पुदिन्याच्या गोळ्या. कच्चा कांदा. मसाला पान. जिभेखाली तांब्याचं नाणं. फुंकण्याआधी दहा वेळा जोरजोरात श्वास. निघताना काळी कॉफी. हे सांगणारे बहुतेक शिकलेले लोक आहेत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी औषधांच्या कंपनीत, आणि त्यांच्या शिक्षणामुळेच ऐकणाऱ्याला ते पटतं.

दारू प्यावी की पिऊ नये, हा माझा विषय नाही. तो वाद टॅलामध्ये फार जुना आहे. आठव्या शतकात इथे मठ स्थापन करणारे संत मेलरून आपल्या मठवासीयांना बिअर पिऊ देत नसत. फिंगलसच्या मठाचे प्रमुख डबलिटर मात्र आपल्या माणसांना देत, आणि दोघांमधला हा मतभेद जुन्या आयरिश लिखाणात नोंदलेला आहे. मेलरून ७९२ मध्ये वारले. त्या वादात आजही ज्याने त्याने आपली बाजू घ्यावी. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे: पिऊन गाडी चालवता येते आणि वाटेत अडवलंच तर यंत्राला चकवता येतं, असं सांगण्याशी. हे खोटं आहे. आणि चाचणीच्या वेळी ते खोटं ठरतं, एवढ्यावर त्याचं नुकसान संपत नाही. चाचणी झाली नाही तरी ते सांगून माणसाला स्टिअरिंगमागे बसवलेलं असतं. नुकसान तिथेच झालेलं असतं.

आधी यंत्र काय मोजतं ते पाहू, कारण निम्मे सल्ले तेवढ्यावरच कोसळतात. प्यायलेली दारू पोटातून आणि लहान आतड्यातून रक्तात जाते. ते रक्त फुप्फुसांच्या तळाशी असलेल्या सूक्ष्म वायुकोशांपाशी पोचतं आणि तिथल्या हवेत अल्कोहोलची वाफ मिसळते. रक्तात किती आणि हवेत किती, याचं प्रमाण साधारण ठरलेलं असतं. आयर्लंड आणि ब्रिटनचे कायदे ते २३०० ला १ असं धरतात. म्हणूनच इथे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम ही जी मर्यादा आहे, तीच १०० मिलिलिटर श्वासात २२ मायक्रोग्रॅम होते. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, रस्त्यावर ज्या छोट्या यंत्रात फुंकायला लावतात, त्यात प्लॅटिनमचा लेप असलेला सेल असतो. श्वासातल्या अल्कोहोलचं तिथे ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून वीज निर्माण होते. अल्कोहोल जितकं जास्त, तितकी वीज जास्त. गार्डा स्टेशनातलं मोठं यंत्र इन्फ्रारेड किरण वापरतं. अल्कोहोलचा रेणू त्यातल्या ठरावीक लांबीच्या लहरी शोषून घेतो आणि किती शोषल्या गेल्या त्यावरून आकडा निघतो.

या दोन्ही यंत्रांना नाक नाही. वेलची, बडीशेप, लवंग, पुदिना, लसूण, पान हे सगळं तोंडाचा वास बदलतं. फुप्फुसांच्या तळातून आलेल्या हवेतला अल्कोहोलचा एक रेणूही त्याने कमी होत नाही. हे सल्ले टिकून राहिले त्याचं कारण जुन्या काळात आहे. हवालदार गाडीच्या काचेतून वाकून वास घेई आणि त्यावर ठरवी की याला उतरवायचं की सोडायचं. त्या काळात वेलचीचा उपयोग झालाही असेल. पण मुंबई पोलिसांनी २००७ मध्ये यंत्रं घेऊन मोठी मोहीम सुरू केली, आणि आयर्लंडमध्ये त्याच्या एक वर्ष आधी, जुलै २००६ पासून, ठरवून दिलेल्या नाक्यावर कुठल्याही चालकाला फुंकायला लावण्याचा अधिकार गार्डांना मिळाला. तिथे वास येण्याची, गाडी वाकडीतिकडी जाण्याची, कसल्याही संशयाची गरज नाही. एन ८१ महामार्गावर रविवारी सकाळी उभा असलेला गार्डा तुमचा वास घ्यायला उभा नसतो.

नाण्याचं प्रकरण तर अधिकच पोकळ आहे. तांबं अल्कोहोलशी काहीतरी प्रक्रिया करतं, असं मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं. तोंडाच्या तापमानाला जिभेखालचं नाणं वाहत्या श्वासातल्या अल्कोहोलला काहीही करत नाही. शिवाय इथली एक, दोन आणि पाच सेंटची नाणी पोलादाची आहेत, तांब्याचा फक्त वरून मुलामा आहे. अमेरिकेतल्या 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमाने २००३ मध्ये नाणी, कांदा, पुदिन्याच्या गोळ्या, बॅटरी, कवळी चिकटवण्याचं मलम, माउथवॉश असं सगळं कॅमेऱ्यासमोर करून पाहिलं. एकही उपाय चालला नाही. त्याला वीस वर्षं उलटून गेली आणि आपल्याकडे अजून तोच नाण्याचा सल्ला दिला जातो.

माउथवॉशबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तो उलटा फिरतो. बऱ्याच माउथवॉशमध्ये स्वतःचंच अल्कोहोल असतं. गुळण्या करून लगेच फुंकलं तर आकडा खाली येण्याऐवजी वर जाईल. तोंडातलं हे अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत नाहीसं होतं. मग काही जण त्याचाच बचाव करतात: "मी प्यायलोच नव्हतो, खोकल्याचं औषध घेतलं होतं, होमिओपॅथीचे थेंब घेतले होते." याची सोय आधीच केलेली आहे. स्टेशनवर पुराव्याची चाचणी घेण्याआधी वीस मिनिटं चालकावर लक्ष ठेवलं जातं आणि त्या वेळात त्याला तोंडात काहीही घालू देत नाहीत. त्यानंतर श्वासाचे दोन नमुने घेतात आणि दोनपैकी कमी आकडा धरतात. म्हणजे चालकाच्या बाजूने जे करण्यासारखं आहे ते यंत्रणेने केलेलं आहे. निरपराध माणसाला या चाचणीपासून भीती नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे, कारण 'यंत्रं काहीही दाखवतात' ही तक्रारही याच मंडळींची असते. एकाच श्वासात यंत्र मूर्ख आहे आणि यंत्र अन्यायी आहे, असं दोन्ही म्हणता येत नाही.

श्वासाच्या युक्तीत मात्र तथ्याचा एक कण आहे आणि तो मी नाकारणार नाही. स्वीडनमध्ये काम केलेले संशोधक ए. डब्ल्यू. जोन्स यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की चाचणीच्या अगदी आधी वेगाने खोल श्वास घेतले तर आकडा दहाएक टक्क्यांनी उतरतो, आणि श्वास तीस सेकंद रोखून धरला तर तो पंधराएक टक्क्यांनी चढतो. घाबरलेला माणूस आपोआप श्वास रोखतो, हे यातलं लक्षात ठेवण्यासारखं. पहिल्या परिणामाचं आयुष्य थोडं असतं. श्वास पूर्ववत झाला की आकडाही पूर्ववत. स्टेशनवर समोर बसलेल्या गार्डाच्या नजरेखाली धापा टाकणारा माणूस काय करतो आहे हे कळायला फार अनुभव लागत नाही. आणि दहा टक्क्यांनी वाचेल असा माणूस मर्यादेच्या काठावर असायला हवा. पार्टीतून निघालेला, युक्त्या शोधणारा माणूस काठावर नसतो.

तोंडाच्या कोपऱ्यातून हवा सोडणं, हळू फुंकणं, मध्येच थांबणं हे प्रकार यंत्र सरळ नाकारतं. ठरावीक प्रमाणात, सलग हवा आली नाही तर ते नमुनाच स्वीकारत नाही. नमुना न देणं हा आयरिश कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो लहान नाही. स्टेशनवर नकार दिला तर पहिल्याच वेळी चार वर्षं गाडी चालवायला बंदी येऊ शकते. अपघात झाल्यावर गाडीतून उतरून घाईघाईने दोन घोट घ्यायचे आणि 'मी नंतर प्यायलो' म्हणायचं, ही युक्तीही मी ऐकली आहे. तीही कायद्याला माहीत आहे: खटला निष्फळ करण्याच्या हेतूने नंतर पिणं हा २०१० च्या रस्ते वाहतूक कायद्यात गुन्हा आहे.

आता कॉफी, लिंबू-ताक, थंड पाण्याची अंघोळ आणि झोप. इथे लोक प्रामाणिकपणे फसतात, म्हणून मला यांचं जास्त वाईट वाटतं. कॉफीने जाग येते. जागा झालेला झिंगलेला माणूस झिंगलेलाच असतो, फक्त त्याला तसं वाटत नाही. रक्तातली दारू मुख्यतः यकृत काढून टाकतं आणि ते आपल्या गतीने काम करतं. ती गती ताकाने वाढत नाही, धावण्याने वाढत नाही, उलटी केल्यानेही वाढत नाही, कारण रक्तात गेलेलं उलटीत येत नाही. भरपेट जेवून प्यायलं तर दारू रक्तात हळू चढते आणि कमी उंचीपर्यंत चढते, हे खरं. पण हळू चढते याचाच अर्थ असा, की घरून निघताना बरं वाटणारा माणूस अर्ध्या वाटेत अधिक झिंगलेला असू शकतो.

आयर्लंडमध्ये स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: अर्धा पाइंट बिअर किंवा पबमधलं ३५.५ मिलिलिटरचं एक माप व्हिस्की. एक स्टँडर्ड ड्रिंक उतरायला साधारण एक तास धरतात. चार पाइंट म्हणजे आठ ड्रिंक, म्हणजे आठ तास. रात्री एक वाजेपर्यंत पिऊन, पाच तास झोपून, आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून सकाळी सातला ड्युटीवर निघालेला माणूस स्वतःला स्वच्छ समजतो. त्याच्या रक्ताला इस्त्री नसते. टॅलाच्या हॉस्पिटलात, दुकानांत, गोदामांत पहाटेच्या पाळीला जाणारे आपले कितीतरी लोक आहेत. त्यांच्यासाठी रात्रीपेक्षा ही सकाळच धोक्याची आहे आणि वेलचीचा सल्ला देणारा सकाळबद्दल कधीच काही बोलत नाही.

आणि आपल्या लोकांचा एक खास प्रश्न आहे, ज्याचा उल्लेख पार्टीत कुणी करत नाही. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही. वीस वर्षं पुण्याच्या रस्त्यांवर गाडी चालवलेल्या माणसालाही इथे लर्नर परमिट काढावं लागतं, धडे घ्यावे लागतात, परीक्षा द्यावी लागते आणि पास झाल्यावर दोन वर्षं गाडीवर एन, म्हणजे नवशिक्याची पाटी, लावून फिरावं लागतं. या सगळ्या काळात, म्हणजे शिकाऊची एल पाटी असताना आणि एन असताना, त्याची मर्यादा पन्नास नाही, वीस आहे. श्वासात २२ नाही, ९ मायक्रोग्रॅम. टॅक्सी, बस, ट्रक चालवणाऱ्यांनाही तीच. ज्याला इथे येऊन चार-पाच वर्षंही झालेली नाहीत असा आपला माणूस बहुधा याच गटात मोडतो. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली मर्यादा ३० आहे. म्हणजे 'तिकडे चालायचं' हा हिशोब तिकडच्या आकड्यानेही इथे लागू होत नाही.

नऊ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, ते पेगात सांगतो. आपल्या घरी पेग पबच्या मापाने ओतला जात नाही. यजमान प्रेमाने साठ मिलिलिटर ओततो. चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीचे साठ मिलिलिटर म्हणजे जवळजवळ १९ ग्रॅम अल्कोहोल. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या सूत्राने हिशोब केला तर सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे अंदाजे ४० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चढतं, आणि साठ किलोच्या बाईच्या रक्तात ५५ च्याही पुढे. एक पेग. एन लावलेल्या चालकाच्या मर्यादेच्या दुप्पट, जवळजवळ तिप्पट. पकडला गेला तर तीन महिने गाडी बंद आणि २०० युरो दंड. २०१८ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण लायसन्स असलेल्यालाही ५० ते ८० च्या दरम्यान सापडल्यास हीच शिक्षा आहे. आधी गाडी बंद होत नसे, पेनल्टी पॉइंट मिळत. त्याच्या वर गेलं की शिक्षा आणखी वाढत जाते. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना अशा गुन्ह्यांची माहिती स्वतःहून द्यावी लागते, तेव्हा हे प्रकरण पुन्हा समोर येऊन उभं राहतं.

इथवर आलं की वाद घालणारे आपलं हुकमी पान टाकतात. "अहो, या देशात पोलिसांनीच खोट्या चाचण्या दाखवल्या, आणि तुम्ही कसलं यंत्राचं सांगता?" त्यांचा तपशील बरोबर आहे. मार्च २०१७ मध्ये गार्डांनी जाहीर केलं, की पाच वर्षांत त्यांच्या संगणकात नोंदलेल्या श्वासचाचण्या प्रत्यक्ष झालेल्या चाचण्यांपेक्षा ९ लाख ३७ हजारांनी जास्त होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत, २००९ पासूनचा हिशोब काढल्यावर तो फरक साडेचौदा लाखांवर गेला. लाजिरवाणी गोष्ट होती ती. पण ती उघडी कशी पडली ते पाहा. प्रत्येक यंत्रात किती वेळा फुंकलं गेलं याची मोजणी असते, आणि ती मोजणी संगणकातल्या नोंदींशी जुळेना. खोटं माणसांनी लिहिलं होतं, यंत्रांनी नाही.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता. त्याच्या रक्ताचा नमुना अपघातानंतर कित्येक तासांनी ससून रुग्णालयात घेतला गेला आणि तो बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. त्यावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. संशय आल्यावर दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहिला, तेव्हा पहिला नमुना त्या मुलाचा नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. यातूनही 'चाचणी चकवता येते' असा धडा काढणारे मला भेटले आहेत. चाचणीला पुदिन्याने किंवा नाण्याने कुणी चकवल्याचं यात कुठे आहे? जिथे काही गडबड झाली ती नोंदवहीत झाली, बाटलीवरच्या चिठ्ठीत झाली, म्हणजे माणसांच्या हातात. तिला युक्ती म्हणत नाहीत, गुन्हा म्हणतात. त्या दोन घरांत आज कोण नाही, हे आठवून मगच हे उदाहरण तोंडी आणावं.

कायद्याच्या फटीचाही आधार घेतला जातो. चाचणीचा छापील अहवाल आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत दिला नाही म्हणून एक खटला २०१५ मध्ये उच्च न्यायालयात अडकला होता, हे खरं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फट बंद केली. कायदा सैल होत नाही, उलट कडकच होत गेला आहे. १९६८ मध्ये इथली मर्यादा १२५ मिलिग्रॅम होती. १९७८ मध्ये १०० झाली, १९९४ मध्ये ८०, २०११ मध्ये ५०. दर वेळी विरोध झाला, शेवटच्या वेळी गावाकडच्या खासदारांनी पबमध्ये येणाऱ्या एकाकी म्हाताऱ्यांची बाजू जोरात मांडली, आणि त्यात काही तथ्य होतं. गावात बस नाही. टॅलामध्ये ती सबब चालत नाही. २००४ पासून लुआस या ट्रामची रेड लाइन थेट इथवर येते, टॅक्सी मिळते, आणि आपली बहुतेक घरं एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहेत.

"दहा मिनिटांचाच तर रस्ता आहे" हे त्यातलं शेवटचं वाक्य. २००८ ते २०१२ मधल्या प्राणघातक अपघातांच्या तपासाची कागदपत्रं रोड सेफ्टी ऑथॉरिटीने तपासली, तेव्हा ३८ टक्के अपघातांत दारूचा हात आढळला. माणसं मारायला दहा मिनिटं पुरतात.

म्हणून माझी विनंती यजमानांना आहे, कारण पाहुण्याला अडवण्याचा हक्क त्यांनाच असतो. पहिला ग्लास भरण्याआधी विचारा, परत गाडी कोण चालवणार. त्याच्या गाडीवर एल किंवा एन असेल तर त्याच्या ग्लासात एक थेंबही ओतू नका. पिऊन उठलेल्याची किल्ली मागून घ्या, गादी घाला, टॅक्सी बोलवा, आणि सकाळी त्याला चहा देताना रात्री किती झाली ते मोजा. पुढच्या वेळी कुणी जिभेखाली नाणं ठेवायला सांगितलं, तर वयाचा आणि मोठेपणाचा मुलाहिजा न ठेवता सगळ्यांदेखत त्याला सांगा, की दादा, हे खोटं आहे आणि ते ऐकून कुणीतरी मरेल.